उणे २५ अंशांत तापलेलं इंजिन
अलास्कातला पॅक्सन ते कँटवेल हा डेनाली हायवे सुमारे २१७ किलोमीटरचा. हिवाळ्यात त्यावरचा बर्फ काढत नाहीत, म्हणून स्नोमोबाइलने, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीने, निघालो. उणे २५ अंश, तरी इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला! जळक्या प्लॅस्टिकचा वासही येऊ लागला.

गाडीखाली फिरणाऱ्या रुंद रबरी पट्ट्याने उडवलेला भुसभुशीत बर्फच इथे रेडिएटर आणि पट्ट्याखालच्या प्लॅस्टिकच्या सरक-पट्ट्या गार ठेवतो. वाऱ्याने दगडासारख्या झालेल्या बर्फावरून उडणार काय?

गाडी कडेच्या मऊ बर्फात घातली, थोड्या वेळाने दिवा विझला. मग स्क्रॅचर, म्हणजे बर्फ खरवडणाऱ्या स्प्रिंगच्या तारा, खाली सोडल्या. डावी तार वाकली होती. गाडी मागे घेताना वर अडकवायची राहिली असणार. पकडीने सरळ केली. तारांमागे बर्फाचा चुरा उडताना दिसला आणि जिवात जीव आला.