‘शेवटी सगळे स्वार्थीच’ म्हणणाऱ्याला कसं गाठायचं

मी तत्त्वज्ञान शिकवते. नीतिशास्त्राचे तास सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून हे वाक्य येतंच: “मॅडम, शेवटी सगळे स्वार्थीच असतात.” म्हणणारा बहुधा हुशार असतो, आणि जगाचं पितळ उघडं पाडल्याच्या थाटात मागे रेलून बसतो. त्याच्यासमोर संत-हुतात्म्यांची नावं घेऊ नका. त्याचं उत्तर तयार असतं: कीर्ती हवी होती, स्वर्ग हवा होता, गेलाबाजार मनाचं समाधान हवं होतं. तुम्ही नावं सुचवत राहाल, तो हेतू हुडकत राहील.

आधी एवढंच विचारा: माणसं स्वार्थी असतात म्हणतोस, की त्यांनी स्वार्थी असावं म्हणतोस? पुष्कळ जण दोन्ही एका दमात म्हणून मोकळे होतात. पण स्वार्थाशिवाय काही करणं माणसाला शक्यच नसेल, तर ‘स्वार्थ बघा’ हा उपदेश करायचा कोणाला? सुटलेल्या दगडाला ‘बाबा रे, खालीच पड’ म्हणून बजावण्यासारखं आहे ते.

मग तो ‘असतात’वर येतो. इथे मात्र घाई करू नका.

मी इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्जची गोष्ट सांगते. माणूस मुळात आपलंच बघतो, या मताचा सतराव्या शतकातला हा मोठा वकील. त्याचा मित्र जॉन ऑब्री याने लिहून ठेवलंय की रस्त्यात एका अशक्त म्हाताऱ्याने हात पसरला तेव्हा हॉब्जने खिशातून सहा पेन्स काढून दिले. शेजारी उभ्या धर्मोपदेशकाने विचारलं, ख्रिस्ताची आज्ञा नसती तरी दिले असतेस का? हॉब्ज म्हणाला, हो. त्याची दशा बघून मला यातना होत होत्या. भिकेने त्याला आराम पडला तसा मलाही पडला.

वर्ग खूश होतो. बघा, स्वार्थच! तेवढ्यात विचारायचं: पण हॉब्जला यातना मुळात का झाल्या? म्हातारा त्याचा कोण लागत होता? त्या म्हाताऱ्याचं बरं व्हावं असं वाटलंच नसतं, तर यातनाही नसत्या आणि आरामही नसता. समाधान मागाहून येतं. आधी दुसऱ्याच्या भल्याची इच्छा असावी लागते. इंग्रज धर्मोपदेशक जोसेफ बटलरने १७२६ साली छापलेल्या प्रवचनांत असाच युक्तिवाद केलाय आणि माझ्या मते तो अजून कोणाला नीट खोडता आलेला नाही. इच्छा माझी आहे, कबूल. कोणतीही इच्छा कोणाची तरी असणारच. पण इच्छा कोणाची आणि इच्छा कशाची हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि स्वार्थ ठरतो तो दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर.

एका वर्षी याच ठिकाणी एक विद्यार्थिनी उठली. “मी रात्री दोन वाजता आजीची ओली चादर बदलते तेव्हा समाधान-बिमाधान काही मिळत नाही. झोपमोड झालेली असते, वास येत असतो, चिडचिड होते. ती ओल्यात पडू नये, एवढंच डोक्यात असतं.” मागून आवाज आला, “पण नाही बदललीस तर अपराधी वाटेल ना?” ती म्हणाली, “वाटेल. का वाटेल, ते तू सांग.” माझा अर्धा तास वाचला.

समोरचा तरीही ‘आत कुठेतरी स्वार्थ असणारच’ म्हणत असेल, तर काय दिसलं म्हणजे तू हे मत सोडशील, असं विचारा. ‘काहीच नाही’ म्हणाला, तर तो आता माणसांकडे बघतच नाहीये. पुरावा मागितलाच, तर मानसशास्त्रज्ञ डॅनिएल बॅट्सनचा १९८१चा प्रयोग सांगा. विद्यार्थिनींना एलेन नावाच्या मुलीला विजेचे झटके बसताना दाखवले. झटके अर्थातच खोटे होते. काहींना थोडं बघून निघून जायची मोकळीक होती. नुसता स्वतःचा त्रास टाळायचा असता तर त्या निघून गेल्या असत्या. पण जिच्याशी आपले विचार जुळतात अशी एलेन ज्यांच्यापुढे उभी केली होती, त्यांच्यातल्या बहुतेकींनी तिच्या जागी बसून झटके घ्यायची तयारी दाखवली. यावर पुढे बरीच भांडणं झाली, तेव्हा हुकमाचा एक्का म्हणून हा टाकू नका.

जिंकताय असं दिसलं तरी फार ताणू नका. माणसं निःस्वार्थी असतात, असं तुम्हाला सिद्ध करायचंच नाहीये. सगळं स्वार्थातून येत नाही, एवढंच पुरे. गिऱ्हाईक टिकावं म्हणून चोख भाव लावणारा, जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या उदाहरणातला दुकानदार तुमच्याआमच्यात आहेच. (कांट तर सहानुभूतीने केलेल्या मदतीलाही नैतिक मोल देत नाही. मला हे पटत नाही.)

खरा अवघड प्रश्न शेवटी ठेवा. प्लेटोच्या संवादात ग्लॉकन तो विचारतो: बोटात घालून खडा आत वळवला की माणूस अदृश्य होईल अशी अंगठी मिळाली, तर न्यायाने वागायचं कशाला? स्वहित आणि सर्वांचं हित दोन्ही बुद्धीला पटतात आणि त्यांची सांगड घालता येत नाही, अशा कबुलीपाशी इंग्रज तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक १८७४ साली येऊन थांबला. तुम्हीही वर्गात त्याचा निकाल लावायला जाऊ नका. मागच्या बाकावरच्याला अंगठी द्या, काय करशील विचारा, तो हसत हसत काय सांगेल ते ऐकून घ्या. मग ती त्याच्या शेजारी बसलेल्याच्या बोटात घाला आणि विचारा, त्याने तुझ्याशी असंच वागलं तर चालेल का? नाही म्हणाला, तर मधे नेमकं काय बदललं यावर उरलेला तास आरामात निघतो.