चुलीवरची भाकरी गॅसवर करताना

चुलीवर तवा सगळीकडून सारखा तापायचा आणि भाकरी शेवटी निखाऱ्यांच्या आरासमोर उभी करून फुगवली जायची. गॅसची आच मधोमध लागते, म्हणून कडा कच्च्या राहतात. नॉनस्टिकपेक्षा जाड लोखंडी किंवा बिडाचा तवा घ्या आणि मध्यम आचेवर पाच मिनिटं नीट तापू द्या.

खरी अडचण पिठाची असते. पूर्वी लागेल तेवढंच दळण व्हायचं. आता पीठ महिनाभर डब्यात पडून राहतं आणि त्याची विरी, म्हणजे चिकटून राहण्याची ताकद, जाते. ज्वारीत गव्हासारखं पीठ धरून ठेवणारं ग्लूटेन नसतं, त्यामुळे अशा जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेने चिरते. एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी कडकडीत पाणी घ्या, पण एकदम ओतू नका. चमच्याने कालवून पाच मिनिटं झाका, मग तळहाताच्या टाचेने रगडून मळा. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळावं, हे जुनं वळण अजिबात सोडू नये.

परातीत कोरडं पीठ भुरभुरून थापा. पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाका आणि लगेच पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकत आलं, पण ओलसर चमक अजून दिसतेय, तेव्हाच उलटा. उशीर झाला तर तडे जातात, घाई केली तर ती तव्याला चिकटते. ही बाजू पूर्ण भाजा, कडा उलथन्याने दाबत भाकरी फिरवत राहा. मग तवा उतरवून पहिली बाजू थेट आचेवर धरा. टम्म फुगते.