फराळाच्या गृहउद्योगात या चुका टाळा

ऐन दिवाळीच्या तोंडावर जुन्या बाई आजारी पडल्या की चकलीची चव बदलते. भाजणी, म्हणजे धान्य-डाळी भाजून दळलेलं चकलीचं पीठ, त्यांच्या हाताला ठाऊक असते, वहीत कुठेच नसते.

प्रमाण उतरवून घेतलं की काम झालं, हा गैरसमज पहिला सोडा. 4 किलो तांदूळ, 2 किलो हरभरा डाळ, 1 किलो उडीद डाळ, अर्धा किलो मूग डाळ हे कुणीही सांगेल. खरी मेख पुढे आहे: धुतलेले तांदूळ सावलीत पूर्ण वाळवायचे, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, उडीद डाळ बदामी व्हायच्या जरा आधीच उतरवायची, कारण तापल्या कढईत ती पुढेही भाजत राहते. भाजणी गार होण्याआधी दळली तर पिठाला वाफ धरते. हे बाईंना विचारून कळत नाही, त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही. त्या काम करत असताना दुसरीने शेजारी वजनकाटा घेऊन बसावं. धण्या-जिऱ्याची मूठ आधी ताटलीत घ्यावी, ग्रॅम लिहावेत, मग पातेल्यात टाकावी. असं तीनदा करून सरासरी काढा. मुहूर्त पितृपक्षाचा बरा, तेव्हा ऑर्डरी कमी असतात.

घाणा, म्हणजे एका वेळी तळलेल्या चकल्या, बिघडला की चारचौघींत ओरडणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. पुढच्या वेळी मोडक्या चकल्या पाकिटाच्या तळाशी जातात आणि तुम्हाला कळतं ते गिऱ्हाइकाकडून. तेलात चकली विरघळली तर मोहन, म्हणजे पिठात घातलेलं गरम तेल, जास्त झालंय. मऊ पडली तर बहुतेक तेल तापायच्या आत सोडली. पाडताना तुटली तर पीठ घट्ट किंवा कमी मळलेलं. यातलं नेमकं काय झालं, हे “मोहन दोनदा पडलं बहुतेक” असं कुणी न घाबरता बोललं तरच समजतं. म्हणून “कुणी केलं?” विचारू नका, “मोहन किती घातलं होतं?” विचारा. किलोला 100 ग्रॅमपासून सुरुवात करा आणि प्रत्येक घाण्याचा आकडा लिहा. तळणारीचं नाव लिहू नका.

बाई कृती सांगायला टाळाटाळ करतात? सांगितल्यावर आपली गरज संपेल, ही त्यांची भीती रास्त आहे. आधी शिकवण्याचे वेगळे पैसे ठरवा, मग वही उघडा.

वही पुरेशी आहे का हे बघायला, कधीच भाजणी न केलेल्या बाईला ती देऊन एक घाणा काढायला लावा. जुन्या बाईंनी तोवर गप्प बसायचं. जिथे त्यांना राहवणार नाही, तिथली ओळ लिहायची राहिली आहे.