चर्चा कोणाच्या ताब्यात? ओपन सोर्स प्रकल्पांनी चॅटबाबत टाळाव्यात अशा चुका

लिनक्स कर्नलचा (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) कोड २००२ पासून बिटकीपर नावाच्या बंदिस्त साधनात सांभाळला जात होता. कंपनीने ते कर्नलच्या मंडळींना काही अटींवर फुकट वापरू दिलं होतं. एप्रिल २००५ मध्ये वाद होऊन ती सवलत गेली आणि लिनक्सचा निर्माता लिनस टोरवाल्ड्सने कोडचे बदल सांभाळणारं गिट हे साधन तातडीने लिहायला घेतलं. तेव्हापासून कोडच्या बाबतीत आपण सगळे शहाणे झालो. रेपॉझिटरी (कोडचं भांडार) कोणत्याही कंपनीच्या साइटवर असो, तिचा अख्खा इतिहास क्लोन करणाऱ्या, म्हणजे प्रत उतरवणाऱ्या, प्रत्येकाच्या संगणकावर असतो. साइट उद्या बंद पडली तर दुसरीकडे पुश करायचं, म्हणजे चढवायचं, आणि कामाला लागायचं.

चर्चेच्या बाबतीत हे शहाणपण अजून आलेलं नाही. एखादं फंक्शन असंच का लिहिलं, हे कमिट संदेशात (बदलासोबतच्या टिपेत) एका ओळीत सापडतं. त्यामागचा दोन तासांचा वाद मात्र स्लॅक किंवा डिस्कॉर्ड अशा कंपन्यांच्या चॅट मंचांवर पडून असतो आणि त्याची प्रत कोणाकडेच नसते. बोललेलं प्रकल्पाच्या हाती राहतं का, आणि तिथून केव्हाही उठून जाता येतं का, या दोन प्रश्नांवर बहुतेक प्रकल्प अडतात. पुढच्या साऱ्या चुका तिथूनच निघतात.

सवलतीला हक्क समजणं

स्लॅकच्या फुकट योजनेत पूर्वी शेवटचे १०,००० संदेश दिसायचे. सप्टेंबर २०२२ पासून ती मर्यादा ९० दिवसांची झाली. त्यापेक्षा जुने संदेश लपवलेले असायचे, पण पैसे भरले की परत दिसायचे. ऑगस्ट २०२४ पासून फुकट योजनेतला एक वर्षापेक्षा जुना मजकूर कायमचा पुसायला सुरुवात झाली. म्हणजे ‘कधीतरी निधी मिळाला की जुनं सगळं उघडू’ असा हिशेब करून बसलेल्यांचा तो मार्गही संपला.

मोठ्या प्रकल्पांना विशेष सवलत असते, पण तिचंही काही खरं नाही. जून २०२५ मध्ये कुबरनेटिस या मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या मंडळींना कळवण्यात आलं की त्यांच्या स्लॅकची खास सवलत २० जूनला संपणार आणि ते साध्या फुकट योजनेत जाणार. हाताशी जेमतेम काही दिवस होते. घाईघाईने दुसरीकडे जायची तयारी सुरू झाली आणि मग निर्णय मागे घेतला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हॅक क्लब या किशोरवयीन प्रोग्रामरांच्या विना-नफा संस्थेकडे स्लॅकने ५०,००० डॉलर तातडीने आणि पुढे वर्षाला २,००,००० डॉलर मागितले. आरडाओरडा झाल्यावर तेही मागे घेतलं गेलं. दोन्ही प्रकरणं निभावली, कारण त्यांच्या बाजूने बोलणारे हजारो लोक होते. चार मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या) लायब्ररीसाठी कोण आरडाओरडा करणार?

उपाय रुक्ष आहे, पण करावा लागतो. सध्याची सवलत कोणत्या अटीवर आहे, ती किती दिवसांच्या सूचनेने जाऊ शकते आणि ती गेल्यावर नेमकं काय उरतं, हे एका पानावर लिहून रेपॉझिटरीत ठेवा.

चॅटलाच दस्तऐवज मानणं

माझ्या मते सगळ्यांत महागडी चूक ही. आणि ती कोणत्याही मंचावर होते, उघड्या, म्हणजे ज्याचं सॉफ्टवेअर कोणालाही चालवता येतं अशा, मंचावरसुद्धा.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. नवीन आवृत्ती बिल्ड करताना लिंकरची त्रुटी येते. एकजण डिस्कॉर्डच्या मदत चॅनलवर विचारतो, कोणीतरी पाच मिनिटांत सांगतं की कॅशे पुसा आणि अमुक फ्लॅग द्या, प्रश्न सुटतो, दोन अंगठे मिळतात. तीन आठवड्यांनी दुसरीला तीच त्रुटी येते. ती त्रुटीचा मजकूर सर्च इंजिनमध्ये टाकते आणि तिला काहीच मिळत नाही, कारण डिस्कॉर्डमधले संदेश लॉगिनच्या पलीकडे आहेत आणि सर्च इंजिन तिथपर्यंत पोचत नाही. ती सर्व्हरवर येते, ‘कृपया आधी शोधा’ असा पिन केलेला संदेश वाचते, शोधते, शंभर असंबद्ध निकाल चाळते आणि शेवटी विचारतेच. उत्तर देणारा तोच, आता जरा वैतागलेला. अजून दोन महिन्यांनी तो उत्तर देणं थांबवतो. मेंटेनर थकण्यामागे ही अशी पुनरावृत्ती फार मोठी असते, आणि तिची नोंद कुठेच होत नाही.

डिस्कॉर्डमध्ये फोरमसारखी चॅनल आली म्हणून हे सुटलं असं समजू नका. मांडणी सुधारली, भिंत जागच्या जागीच आहे.

इथे दोन नियम पाळले तरी बराच फरक पडतो. पहिला, एकच उत्तर दुसऱ्यांदा द्यायची वेळ आली की ते दस्तऐवजात किंवा इश्यूमध्ये (रेपॉझिटरीसोबतच्या नोंदीत) जाईल आणि चॅटवर फक्त दुवा दिला जाईल. दुसरा, चॅटवर झालेला निर्णय इश्यूमध्ये कारणांसह लिहिला जाईपर्यंत तो निर्णय धरायचा नाही. दुसरा नियम कडक वाटतो, पण वेगळ्या टाइमझोनमधल्या, चर्चेच्या वेळी झोपलेल्या सहकाऱ्याला न्याय मिळायचा तर तो हवाच.

झुलिप हा उघडा चॅट मंच इथे खरोखर उपयोगी पडतो. चॅनलमधली संभाषणं विषयवार वेगळी राहतात, आणि ठरावीक चॅनल लॉगिनशिवाय वाचण्यासाठी खुली ठेवता येतात. रस्ट आणि लीन या प्रोग्रामिंग भाषांची मंडळी त्यावर गंभीर तांत्रिक चर्चा करतात, आणि जुना धागा महिन्यांनी उघडला तरी त्याचा अर्थ लागतो. तरीही झुलिपवर निर्णय झाला म्हणून इश्यू लिहायचा कंटाळा करू नये.

एक्सपोर्ट कधीच उघडून न पाहणं

‘बॅकअप आहे’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ती झिप फाइल उघडली आहे? स्लॅकचं एक्सपोर्ट उघडा. प्रत्येक चॅनलचं एक फोल्डर, आणि त्यात दर दिवसाची एक जेसन (साध्या मजकुरात मांडलेल्या डेटाची) फाइल. संदेशासमोर माणसाची ओळख अक्षरं-आकड्यांच्या क्रमांकाने दिलेली असते. तो क्रमांक कोणाचा, हे बहुधा सदस्यांच्या वेगळ्या फाइलीत शोधावं लागतं. थ्रेडमधली उत्तरं मूळ संदेशापासून तुटून त्या त्या तारखेच्या फाइलीत विखुरलेली असतात. आणि स्क्रीनशॉट, लॉग, पॅच यांचे फक्त दुवे येतात, फाइली येतच नाहीत. खाजगी चॅनल साध्या एक्सपोर्टमध्ये धरलेली नसतात.

डिस्कॉर्डमध्ये तर अख्ख्या सर्व्हरचं एक्सपोर्ट करण्याची सोय चालकालाही दिलेली नाही. माणूस फक्त स्वतःचा डेटा मागू शकतो. बाहेरची साधनं आहेत, पण ती स्वतःच्या खात्याच्या टोकनने (गुप्त किल्लीने) चालवणं अटींचा भंग ठरतं आणि खातं बंद होऊ शकतं. सर्व्हरवर रीतसर बॉट नोंदवून त्याच्या टोकनने फक्त सार्वजनिक चॅनल उतरवा, आणि तसं करत असल्याचं सदस्यांना आधी सांगा. लोक ज्या समजुतीने बोलले, ती न विचारता बदलू नये.

मग उतरवलेलं कुठेतरी चढवून बघा. झुलिप आणि मॅटरमोस्ट (असाच आणखी एक चॅट मंच) या दोघांतही स्लॅकचा डेटा आत घेण्याची सोय आहे. एखाद्या चाचणी सर्व्हरवर दुपारभर बसून इंपोर्ट करा. काय गळालं ते तेव्हाच कळतं, आणि तेव्हा कळणं बरं.

दार कोणासाठी बंद आहे हे न पाहणं

डिसेंबर २०१८ मध्ये स्लॅकने इराणशी संबंध दिसणारी खाती अचानक बंद केली. त्यांत इराणला फक्त भेट देऊन आलेले लोकही सापडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान या दोन्ही देशांत डिस्कॉर्डवर बंदी आली. तिथल्या योगदान देणाऱ्यांसाठी प्रकल्पाचं दार एका दिवसात लागलं, आणि त्यात प्रकल्पाचा काहीही हात नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने जाहीर केलं की ग्राहकसेवेचं काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रं फुटली असावीत. एखादा बग कळवायला आलेल्या माणसाने एवढी जोखीम का घ्यावी?

क्लायंटचा प्रश्नही आहेच. स्लॅकमध्ये मे २०१८ पर्यंत आयआरसी आणि एक्सएमपीपी या जुन्या, उघड्या चॅट प्रोटोकॉलचे गेटवे (जोडण्या) होते, म्हणजे टर्मिनलमधून किंवा आपल्या सवयीच्या प्रोग्राममधून बोलता यायचं. ते बंद झाले तेव्हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांपैकी काहींचा सोयीचा मार्गच गेला. बंदिस्त मंचावर क्लायंट कोणता वापरायचा हे तुम्ही ठरवत नाही.

लगेच मंच बदलणं जमत नसेल तर निदान एक वाट अशी ठेवा जिला खातंच लागत नाही: वाचता येणारे इश्यू, ईमेलने बग कळवायचा पत्ता, सुरक्षेच्या त्रुटींसाठी वेगळा पत्ता.

उघडा पर्याय घेतला की सुटलो असं मानणं

मी उघड्या पर्यायांच्या बाजूचा आहे, म्हणूनच हे स्पष्ट लिहितो. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसी जाळ्याच्या मालकीवरून वाद झाला, स्वयंसेवक चालक बाहेर पडले आणि १९ मेला लिबेरा चॅट उभं राहिलं. आठवड्याभरात फ्रीनोडने शेकडो चॅनल ताब्यात घेतली, कारण त्यांच्या शीर्षकात लिबेराचा उल्लेख होता. प्रोटोकॉल उघडा होता, सर्व्हरची सत्ता एका हातात होती. पण प्रोटोकॉल उघडा असल्यामुळेच लोक सर्व्हरचा पत्ता बदलून, तोच क्लायंट घेऊन निघून जाऊ शकले. बंदिस्त मंचावर हे शक्य झालं नसतं.

मॅट्रिक्स हा उघडा प्रोटोकॉल वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या लोकांना एकाच रूममध्ये बोलू देतो. त्यावर जाणारे प्रकल्प याच चुकीचा दुसरा अवतार करतात: सगळे सदस्य आणि सगळे चालक मॅट्रिक्स डॉट ऑर्ग या एकाच सर्व्हरवर. २ सप्टेंबर २०२५ ला त्या सर्व्हरचा डेटाबेस कोलमडला आणि तिथली खाती सुमारे दिवसभर बंद होती. त्याच रूममधले दुसऱ्या सर्व्हरवरचे लोक मात्र बोलत होते. म्हणून रूमला पूर्ण अधिकार असलेले किमान दोन चालक हवेत, आणि तेही वेगवेगळ्या सर्व्हरवरचे. एकच चालक असेल आणि तो प्रकल्प सोडून गेला, तर नवा चालक नेमण्याचा अधिकार रूममध्ये कोणाकडेच उरत नाही.

मॅट्रिक्सवरची सगळ्यांत जास्त येणारी तक्रार म्हणजे ‘संदेश उलगडता आला नाही’. सार्वजनिक रूममध्ये ही तक्रार येत असेल तर कारण बहुधा एकच असतं: रूम बनवताना कोणीतरी एन्क्रिप्शन (संदेश फक्त किल्ली असणाऱ्यांनाच वाचता येण्याची सोय) चालू केलं. ज्या रूममध्ये कोणीही येऊ शकतं तिथे त्याने गुप्तता फारशी मिळत नाही. उलट नव्याने आलेल्याला सहसा जुनं वाचता येत नाही आणि सर्व्हरला शोध घेता येत नाही. एकदा चालू केलेलं एन्क्रिप्शन त्या रूममध्ये बंद करता येत नाही, त्यामुळे सेटिंग शोधत बसू नका. एन्क्रिप्शनशिवाय नवी रूम बनवा, जुना पत्ता तिच्याकडे वळवा, जुन्या रूममध्ये दुवा देऊन ती बंद करा. सुरक्षेच्या त्रुटींवर बोलणाऱ्या छोट्या गटाची रूम मात्र एन्क्रिप्टेडच असू द्या.

स्वतःचा सर्व्हर चालवणार असाल तर अपडेट, बॅकअप आणि स्पॅम यांची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी ठरवा. तसा माणूस नसेल तर दुसऱ्याने चालवलेला उघडा मंच घ्या. झुलिपची कंपनी पात्र ओपन सोर्स प्रकल्पांना आपली क्लाउड सेवा प्रायोजित करते. तीही सवलतच आहे, पण ती गेली तर तेच सॉफ्टवेअर डेटासकट स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं.

ब्रिजला कायमचा पूल समजणं

ब्रिज म्हणजे एका मंचावरचे संदेश दुसऱ्या मंचावर पोचवणारा प्रोग्राम. ‘दोन्हीकडे असू, मध्ये ब्रिज टाकू’ ही तडजोड सगळ्यांना आवडते. पण बरेचदा संपादित केलेला संदेश पलीकडे दोनदा दिसतो, उत्तर कोणाला दिलं ते कळत नाही, एका बाजूने काढलेला स्पॅम दुसऱ्या बाजूला तसाच राहतो. लिबेरा आणि मॅट्रिक्स यांच्यातला मोठा ब्रिज ऑगस्ट २०२३ मध्ये थांबवला गेला आणि पुन्हा सुरू झालाच नाही. दोन्ही बाजू उघड्या असून ही गत. स्थलांतराच्या काळात ब्रिज जरूर वापरा, पण तो बंद करण्याची तारीख सुरू करतानाच जाहीर करा. नाहीतर जुन्या जागेवरचे लोक हलत नाहीत आणि नव्या जागी जीव येत नाही.

निमंत्रणाचा दुवा सगळीकडे छापणं

डिस्कॉर्डचा साधा निमंत्रण दुवा, काही बदल न करता बनवला तर, सात दिवसांत निकामी होतो. असे मेलेले दुवे कितीतरी रीडमी (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या) फाइलींत पडून आहेत, आणि नवा माणूस तिथूनच परत फिरतो. कायमचा दुवा बनवला तरी मंच बदलल्यावर तो दस्तऐवजात, पॅकेजच्या वर्णनात, जुन्या सादरीकरणांत जिथे तिथे राहतोच.

त्यापेक्षा आपल्या प्रकल्पाच्या डोमेनखाली चॅटसाठी एक पत्ता बनवा आणि सगळीकडे तोच छापा. आज तो डिस्कॉर्डकडे वळवा, उद्या झुलिपकडे किंवा मॅट्रिक्सकडे. डेबियन या लिनक्स वितरणाने आयआरसीसाठी आपल्या डोमेनचं नाव फार पूर्वीपासून ठेवलं आहे. २००६ मध्ये त्यांनी ते फ्रीनोडवरून ओएफटीसी या दुसऱ्या आयआरसी जाळ्याकडे वळवलं, आणि ज्यांच्या क्लायंटमध्ये डेबियनचं नाव भरलेलं होतं ते पुढच्या वेळी जोडले गेले तेव्हा थेट नव्या जाळ्यावर पोचले.