पियानो बारमध्ये कुठे बसावं?
जुन्या पियानो बारमध्ये टेबल धरण्याआधी पियानोकडे एकदा नीट बघा. ग्रँड पियानोचं झाकण वादकाच्या उजव्या हाताला उघडतं आणि आवाज तिकडेच फेकला जातो. ऐकायलाच आला असाल तर त्या बाजूला बसा. गप्पा मारायच्या असतील तर वादकाच्या डावीकडे, जरा लांब. फर्माईश दोन गाण्यांच्या मधे करा. कॉकटेलचंही तसंच: लिंबू पिळलेली डायकिरी शेकरमध्ये बर्फासकट खडखडवतात, मॅनहॅटन मात्र चमच्याने गुपचूप ढवळतात. हळुवार सूर लागलेले असताना डायकिरी मागवलीत, तर आसपासचे वळून बघणारच! ग्लास पियानोवर टेकवू नका, पॉलिशवर ओला गोल उमटतो. पियानोभोवती मुद्दाम काउंटर बांधलेला असेल तर गोष्ट वेगळी.