डाळीतल्या नोटा आणि आखडलेला हात

लालबागच्या चाळीत तूरडाळीचा डबा हीच आमची बँक. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबांचा पगार थांबला आणि आईने डाळीत दडवलेल्या दहा-दहाच्या नोटांवर आम्ही चार महिने काढले. तेव्हा माझा हात आखडला तो आखडलाच. पुढे पगार चांगला असूनही दाढदुखी मी दोन वर्षं अंगावर काढली.

तुमची सवय कुठून आली ते आधी शोधा. वहीत लिहा: घरात पैशांवरून भांडणं कधी व्हायची? सणाला उधारी व्हायची का? "आपल्याला नाही परवडत" असं कोण म्हणायचं? मग महिनाभर प्रत्येक खर्चापुढे एकच शब्द लिहा: गरज, हौस किंवा भीती. टाळलेले खर्चही लिहा. 'दाताचा डॉक्टर' मी तीनदा खोडला होता, भीतीनेच.

हात आखडता असेल तर सहा महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत बाजूला काढा. जीव खूप शांत होतो. मग हौसेचं एक पाकीट करा, ते महिनाअखेर रिकामं झालंच पाहिजे. हात सैल असेल तर पगार होताच पोस्टातली आवर्ती ठेव भरा. महिना १०० रुपयांपासून सुरू होते, पाच वर्षं चालते.

आणि हिशेब मुलांसमोर करा. माझी लेक दर रविवारी शेजारी बसते, वीजबिलाचा आकडा तीच लिहिते.