गिटारच्या तासाला येताना काय आणायचं

माझ्याकडे एका वेळी एकच विद्यार्थी असतो आणि तास ४५ मिनिटांचा. उरलेला आठवडाभर तुम्ही घरी एकटे वाजवत असता. म्हणून तासाला सराव करायचा नसतो, घरी काय चुकतंय ते पकडायचं असतं. ज्याला हे उमगतं त्याची फी वसूल होते. बाकीचे माझ्यासमोर बसून सराव करतात आणि मी घड्याळाकडे बघत बसतो.

अगदी नवखे असाल तर गिटार घ्यायची घाई करू नका, पहिले दोन तास कुणाची तरी मागून आणा. मात्र त्या गिटारच्या तारा किती उंच आहेत ते बघा. स्टीलच्या तारांच्या गिटारवर १२ व्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) सर्वात जाड तार फ्रेटपासून साधारण अडीच मिलिमीटर वर असली तर ठीक. चार असली तर शिकणं नव्हे, शिक्षा. मी स्वतः पहिले आठ महिने असल्याच गिटारवर घासले. तेव्हाचे माझे सर म्हणायचे, "बोटं तयार होतील." बोटं तयार झाली नाहीत, मनगट मात्र दुखायला लागलं. शेवटी एका कारागिराने ब्रिजवरची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती सॅडलची पट्टी खालून घासून दिली, आणि जो एफ कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) महिनोन्‌महिने वाजत नव्हता तो त्याच आठवड्यात वाजला. वय झालेल्यांना किंवा नाजूक बोटांच्या माणसांना मी सरळ नायलॉनच्या तारांची गिटार सुचवतो. आणि हो, डाव्या हाताची नखं कापून या. कितीतरी पहिले तास तिथेच अडलेत.

तारा सुरात लावायला ट्यूनर वापरा, पण कानालाही काम द्या. जाड तारेकडून ई, ए, डी, जी, बी, ई. पाचव्या फ्रेटवर तार दाबली की तिच्या पुढच्या मोकळ्या तारेचा स्वर मिळतो. फक्त जी तारेवर चौथा फ्रेट दाबायचा. हा अपवाद सगळे विसरतात आणि मग बी तार बिचारी विनाकारण पिळली जाते.

पहिले काही महिने कॉर्ड पाठ करण्यापेक्षा एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाणं महत्त्वाचं. जी ते सी, मिनिटभरात किती वेळा स्वच्छ बदलता आलं ते मोजा आणि आकडा वहीत लिहा. तासाला येताना ती वही आणा. स्ट्रमिंग करताना, म्हणजे तारांवरून हात वर-खाली फिरवताना, डावा हात चुकला तरी उजवा थांबता कामा नये. थांबून दुरुस्त करायची सवय लागली की ती सुटायला वर्ष जातं.

आता एफ कॉर्ड. याच्यापाशी येऊन गिटार कपाटावर चढवणारे मी पुष्कळ पाहिलेत. बहुतेकांना वाटतं, पहिल्या बोटाने सहाही तारा आवळायच्या. तसं नाही. ए, डी आणि जी या मधल्या तारा उरलेली तीन बोटं सांभाळतात. पहिल्या बोटाखालून वाजायला हव्यात त्या फक्त जाड ई, बी आणि बारीक ई. त्यातली बी बहुतेकदा बोटाच्या पेराच्या घडीत फसते आणि मुकी होते. बोट किंचित वर किंवा खाली सरकवा, आणि तळव्याच्या बाजूने न दाबता अंगठ्याकडच्या कडेवर जरा कलवा. अंगठ्याने चिमटा काढू नका, दंडाच्या वजनाने हात मागे ओढा. तरी जमत नसेल तर तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा. तिथे तो ए होतो. तिथे फ्रेट जवळजवळ असतात आणि तारही नटपासून (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) लांब असल्याने सहज दबते. मग एकेक फ्रेट खाली उतरत या.

वर्षानुवर्षं वाजवणाऱ्यांची तऱ्हा निराळी. ते येतात आणि अख्खं गाणं वाजवून दाखवतात. मला गाणं नको, जिथे घसरता त्या चार मात्रा हव्यात. फोनवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करून आणा. निम्म्या लोकांना ते ऐकतानाच कळतं की कॉर्ड बदलताना आपण लयीपुढे पळतो. त्यांना मी मेट्रोनोम (ठराविक लयीत ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ४० ठोक्यांवर लावायला सांगतो आणि प्रत्येक ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरायला लावतो. पहिल्या दिवशी चिडचिड होते. पेंटॅटोनिक या पाच स्वरांच्या सप्तकाच्या एकाच चौकटीत, म्हणजे बोटांच्या ठरलेल्या जागांत, अडकलेल्यांना मी फक्त एका तारेवर वाजवायला लावतो. चौकटच नसली की कान जागा होतो.

लहान मुलांना पाऊण आकाराची गिटार आणि अर्ध्या तासाचाच तास. पालकांनी मागे बसून "बोट नीट ठेव" म्हणू नये, ते माझं काम आहे.

शिक्षक निवडताना चाचणीच्या तासाला एकच बघा: ते तुमचे हात बघतात की स्वतःच वाजवत बसतात?

शेवटची पाच मिनिटं मी गिटार उलटी धरतो, डावखुऱ्यासारखी, आणि म्हणतो, आज जे झालं ते आता मला शिकवा. मग समोरचा सांगायला लागतो: "सर, अंगठा सोडा... नाही, हात मागे ओढा..." आणि सांगता सांगता त्याचाच अंगठा सुटलेला असतो.